पेन्सिलीएवढी धार

१८१४, सेंट फेलिक्स स्ट्रीट,
पोर्ट ओबेर, लुइझियाना.
गुरुवार, १८ जानेवारी २०१८

श्री. वेंडेल आर्सेनो,
उपअधीक्षक, नगर पाणीखाते.

महाशय,

काल, बुधवार दिनांक १७ जानेवारी रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, माझ्या घरासमोरच्या फुटपाथवर, तुमच्या खात्याच्या माणसाने माझ्या वडिलांची चावी माझ्याकडून नेली. हिसकावली असं लिहिणार होते. पण अडतीस वर्षं न्यायालयात लघुलेखिका होते. घडलं तेवढंच लिहायची सवय आहे. त्याने मागितली, मी नाही म्हटलं, त्याने घेतली.

कोणती चावी, ते तुमच्या माणसाने कळवलं नसेल तर सांगते. चार फुटी लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खाच. फुटपाथवरचं झाकण उचलून घराचा कॉक फिरवायचा, एवढंच तिचं काम. वडील प्लंबर होते. या चावीने त्यांनी अर्ध्या शहराचे कॉक फिरवले, त्यात तुमच्या कचेरीचाही एक.

मंगळवारी रात्री कडाका पडला. तुमच्या खात्याने रेडिओवरून लोकांना नळ चालू ठेवायला सांगितलं, म्हणजे पाइप गोठून फुटणार नाहीत. सगळ्या शहराने ऐकलं. बुधवारी सकाळी नळाला पाणी नव्हतं, दोरा होता. आमच्या कोपऱ्यावरचं डायलिसिस केंद्र दहा चाळीसला बंद झालं, कारण दाब नसला की त्यांची यंत्रं चालत नाहीत. माझे धाकटे दीर आल्सीद देजुआ यांची पाळी साडेअकराची होती.

माझे वडील कडाक्यात नळ चालू ठेवत नसत. रस्त्यावरून कॉक बंद करायचा, वरचा-खालचा नळ उघडून पाइप रिकामे करायचे, आणि झोपायचं. रिकामा पाइप फुटत नाही. केंद्र आणि आमची गल्ली एकाच लाइनवर आहेत. म्हणून अकरा वाजल्यापासून मी दारोदार फिरले आणि प्रत्येक घराच्या संमतीने अकरा घरं बंद केली. चारला केंद्रातल्या नर्सचा फोन आला: दाब चढतोय, आणखी थोडा चढला तर पाचपर्यंत दोन खुर्च्या चालू करतो. नऊ घरं उरली होती.

तेवढ्यात तुमचा माणूस उगवला.

“मॅडम, हे सरकारी आहे.”

“झाकण सरकारी आहे. चावी माझ्या बापाची आहे.”

“मला वरून हुकूम आहे.”

“वरून आज बर्फही पडतंय, बाळा. वरून आलं म्हणजे बरोबरच असतं का?”

तो हसला, आणि चावी गाडीत टाकून गेला. पाच वाजता नर्सने केंद्राला कुलूप लावलं. बंद केलेली अकरा घरंही बंदच राहिली, कारण उघडायची चावी तीच. तुमची गाडी आज सकाळी नऊला आली आणि कॉक उघडून गेली.

चावी परत हवी. पुन्हा कडाका येणार आहे, आणि तो तुमच्या सोयीने येत नाही.

श्रीमती सिदोनी देजुआ


नगर पाणीखाते, पोर्ट ओबेर.
सोमवार, २२ जानेवारी २०१८

श्रीमती देजुआ यांस,

आपले पत्र मिळाले. आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल खात्यास खेद आहे. श्री. आल्सीद देजुआ यांच्या प्रकृतीस लवकर आराम पडो.

नगर नियमावलीनुसार रस्त्यावरील कॉक खात्याचे कर्मचारी अथवा परवानाधारक प्लंबर यांनीच हाताळावयाचा असतो. आपले वडील परवानाधारक होते याबद्दल खात्यास शंका नाही; परंतु परवाना वारसाहक्काने मिळत नाही, याचा खेद आहे. चावी आमच्याकडे सुरक्षित आहे.

आपण सर्व घरे संमतीने बंद केल्याचे लिहिता. तथापि आपल्याच गल्लीतील एका रहिवाशाने, आपले पाणी न विचारता बंद झाल्याचे खात्यास कळवले आहे. हेही आपल्या निदर्शनास आणणे भाग पडत आहे, याचा खेद वाटतो.

आपला,
वेंडेल आर्सेनो


मंगळवार, २३ जानेवारी २०१८

श्री. आर्सेनो,

तुमच्या पत्रात ‘खेद’ तीनदा आला आहे आणि ‘चूक’ एकदाही नाही. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर क्लेमांस अशी वही न तपासता परत करीत.

तक्रार कुणाची ते मला कळलं. समोरची ओनोरीन. तिच्या दारात मी स्वतः उभी होते आणि ती म्हणाली होती, “बंद कर बाई, पण आधी माझा टब भरू दे.” काल तुमचं पत्र घेऊनच तिच्याकडे गेले.

“ओनोरीन, पाणीखात्याकडे माझी तक्रार केलीस?”

“मी? मला तक्रार करायची असली तर तुझ्या तोंडावर करीन. बासष्ट वर्षं दुसरं काय करतेय?”

“मग कुणी केली?”

“ज्याला तुझ्याशी बोलायची भीती वाटते त्याने. यादी मोठी आहे.”

माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. पण ते आमचं आम्ही बघू.

आता तुमचं बघू. माझ्या उशाला वही असते. मंगळवारी, १६ तारखेला, संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी, आणि पुढे दर अर्ध्या तासाने, रेडिओवर जे वाजलं ते मी शब्दशः टिपलं आहे: “सर्व नागरिकांनी घरातील सर्व नळ पेन्सिलीएवढ्या धारेने रात्रभर चालू ठेवावेत.” सर्व नागरिकांनी. सर्व नळ. रात्रभर. पाचवीत सिस्टर क्लेमांस आम्हाला हौदाची गणितं घालत. एका हौदाला चाळीस हजार घरांच्या तोट्या, प्रत्येक तोटी पेन्सिलीएवढी, तर हौद केव्हा रिकामा होईल? उत्तर: पहाटे. हे गणित तुमच्या कचेरीत कुणी सोडवलं नाही का?

एका घरापुरतं ते वाक्य खोटं नाही. आमच्याकडे थंडी दहा-वीस वर्षांतून एकदा येते. घरं विटांच्या खांबांवर, पाइप खाली उघड्यावर. केळीला चादरी गुंडाळायच्या आणि नळ सोडायचे, एवढंच सगळ्यांना येतं. पण प्रत्येक जण आपल्या पाइपाचा विचार करतो, आणि हौद कुणाचाच नसतो. त्याचा विचार करायला तुम्हाला बसवलंय.

आल्सीदचं विचारलंत म्हणून सांगते. त्याची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार. बुधवार हुकला. गुरुवारी रात्री त्याला आडवं होता येईना, खुर्चीत बसून राहिला. पाय असे सुजले की मोजा कात्रीने कापावा लागला. मला म्हणतो, “वहिनी, मला पिळून दोरीवर वाळत घाल, केंद्राची गरज नाही.” हसत होता, आणि ते हसू पुरं करण्याइतका दम त्याच्याकडे नव्हता. शुक्रवारी केंद्र उघडलं म्हणून तो आहे. डॉक्टर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, पुन्हा असा बुधवार हुकला तर मी काही सांगू शकत नाही.

पुढचा कडाका ३० तारखेच्या मंगळवारी रात्री आहे असं हवामानखातं म्हणतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बुधवार.

सिदोनी देजुआ


नगर पाणीखाते, पोर्ट ओबेर.
गुरुवार, २५ जानेवारी २०१८

श्रीमती देजुआ यांस,

आपण ज्यांचे नाव घेतले त्यांचा या तक्रारीशी संबंध नाही. त्यांच्याशी आपले काही बोलणे झाले असल्यास ते दुरुस्त करावे, ही विनंती.

संबंधितांच्या परवानगीने कळवतो: घर क्रमांक १८२६, डावी बाजू. श्रीमती रेइना सेलाया. घरात दोन महिन्यांचे बाळ आहे. बुधवारी दुपारी बारापासून गुरुवारी सकाळी नऊपर्यंत, म्हणजे एकवीस तास, त्यांच्याकडे पाणी नव्हते. साठवलेलेही नव्हते.

चावीबाबत वरिष्ठांशी चर्चा झाली. सोबतच्या कागदावर सही केल्यास ती परत करता येईल. कागदात दोन कलमे आहेत. एक, आपण यापुढे कोणाचाही कॉक हाताळणार नाही. दोन, १६ जानेवारीच्या आवाहनासंबंधी आपण जाहीर विधान करणार नाही.

वेंडेल आर्सेनो


शुक्रवार, २६ जानेवारी २०१८

श्री. आर्सेनो,

कागद परत पाठवत आहे. सही नाही. पहिल्या कलमाबद्दल वाद घातला असता, दुसऱ्यामुळे ती गरज उरली नाही.

आता १८२६ बद्दल. १८ तारखेच्या पत्रात मी ‘प्रत्येक घराच्या संमतीने’ असं लिहिलं. ते खरं नव्हतं. दहा घरांच्या संमतीने. अकराव्या घराचे पडदे ओढलेले होते, दारात गाडी नव्हती, आणि मला घाई होती. मी दार वाजवलं नाही. रिकामं आहे असं मी ठरवलं. तुम्हाला लिहिताना ते मला आठवत होतं, आणि तरीही मी ‘प्रत्येक’ लिहिलं. न्यायालयात असा शब्द घातला असता तर माझी नोकरी गेली असती.

काल संध्याकाळी गंबो सूपचं पातेलं घेऊन गेले. दार एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीने उघडलं, खांद्यावर बाळ. मूळची होंडुरासच्या किनाऱ्यावरची. नवरा जहाजाच्या गोदीत कामाला, त्या दिवशी रस्ते बंद म्हणून तिकडेच अडकला.

“तुमचं पाणी मी बंद केलं होतं,” मी म्हटलं. दारातच. आत बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.

तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “तुम्ही? मला वाटलं सरकारने केलं.”

“सरकारनेही बरंच केलं. पण हे मी.”

“मग बाळाच्या दुधाला...” ती थांबली. “मी बर्फ वितळवलं, मावशी. अंगणातलं. पातेल्यात घालून उकळलं, फडक्याने गाळलं. जन्मात बर्फ बघितलं नव्हतं. म्हटलं, थंडीत पाणी बंद होतं आणि लोक बर्फ वितळवतात, इथली रीत असेल.”

“बाळाला काही झालं नाही ना?”

“दोन दिवस पोट बिघडलं. आता बरंय. मी खात्याला तक्रार नव्हती केली हो. मी विचारलं होतं की पाणी परत कधी बंद होणार, म्हणजे आधी भरून ठेवीन. त्यांनी फॉर्म दिला, त्यावर ‘तक्रार’ छापलेलं होतं.”

पातेलं माझ्या हातातच होतं. तिनेच ते घेतलं.

“मावशी, दार वाजवायचं ना,” ती म्हणाली. रागाने नाही. त्यामुळेच लागलं.

ओनोरीनकडेही जाऊन आले. माफी मागितली. ती म्हणाली, “लिहून दे, सिदोनी. फ्रेम करते.”

हे सगळं तुम्हाला लिहिलं कारण मी माझ्या चुकीला चूक म्हटलं आहे, स्वच्छ अक्षरात, तारखेसह. मला काही झालं नाही. छत कोसळलं नाही. आता तुमची पाळी. ते आवाहन कुणी लिहिलं? आणि मंगळवारी तेच पुन्हा वाजणार आहे का?

सिदोनी देजुआ


शनिवार, २७ जानेवारी २०१८

मिस सिदोनी,

हे पत्र कचेरीच्या कागदावर नाही आणि मी हाताने लिहितोय, त्यावरून समजून घ्या.

आवाहन मी लिहिलं. ‘पेन्सिलीएवढी’ हा शब्दही माझाच. एकोणनव्वद सालच्या कडाक्यात आमच्या घराचे पाइप फुटले होते. अख्खं जमिनीवरचं लाकूड फुगलं, महिनाभर आम्ही मावशीकडे राहिलो. तेव्हापासून आई पारा जरा उतरला की सगळे नळ सोडून द्यायची. मंगळवारी दुपारी साहेबांनी विचारलं, लोकांना काय सांगायचं? मी आईचं वाक्य लिहून दिलं. दहा मिनिटांत. सर्व नळ म्हटलं, कारण आई सर्व नळ म्हणायची. तिच्या एका घराऐवजी चाळीस हजार घरं माझ्यासमोर होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पहाटे साडेचारला टाकीचा काटा खाली जाताना बघितला तेव्हा आलं.

तुमची चावी घ्यायचा हुकूमही माझाच. कुणीतरी फोन केला होता की एक बाई कॉक फिरवतेय. मला वाटलं त्यामुळेच दाब जातोय. तुमच्या गल्लीत दाब चढला होता, हे नोंदवहीत मी शुक्रवारी बघितलं.

चावी सोबत पाठवतोय. सही-बिही काही नको. कर्टिस आणून देईल, तोच तो त्या दिवशीचा. तुमचं बर्फावरचं वाक्य तो कचेरीत सगळ्यांना ऐकवत असतो.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाईट आहे. मंगळवारी तीच ध्वनिफीत वाजणार आहे. मी बदलायला सांगितलं. साहेब म्हणाले, आज शब्द बदलले तर मागच्या वेळचे चुकीचे होते असं होईल, आणि ६ फेब्रुवारीला नगरसभेत आपल्याला त्याच प्रश्नाला तोंड द्यायचंय. तोवर थांबा. मला दोन मुली आहेत, निवृत्तीला नऊ वर्षं आहेत.

तुमच्या गल्लीत तुम्ही चावी वापरा. कुणी अडवणार नाही, ते मी बघतो. आल्सीदांच्या केंद्राला तेवढ्याने दाब मिळेल. फक्त सहा तारखेपर्यंत आवाहनाबद्दल कुठे बोलू नका, एवढी विनंती.

वेंडेल


१८१४, सेंट फेलिक्स स्ट्रीट.
रविवार, २८ जानेवारी २०१८, सकाळी साडेआठ

श्री. वेंडेल आर्सेनो यांस,

चर्चमध्ये रविवारच्या मासला निघायच्या आधी लिहीत आहे. हे पत्र कर्टिस घेऊन येईल. काल चावी द्यायला आला तेव्हा त्याला कॉफी दिली आणि आज परत यायला सांगितलं. त्याच्याबरोबर दोन वस्तू परत पाठवत आहे.

पहिली, तुमचं कालचं पत्र. मी त्याची नक्कल केलेली नाही. टिपणही नाही. ते मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून ते माझ्याकडे असण्याचं कारण नाही. तुमची नोकरी मला नको आहे.

दुसरी, चावी.

रात्रभर ती टेबलावर होती. वडिलांच्या हाताने मूठ जिथे झिजली आहे तिथे माझा अंगठा बरोबर बसतो. आल्सीद जेवायला आला होता. त्याला तुमचं म्हणणं सांगितलं, तुमचं नाव न घेता: आपल्या गल्लीला चावी, बाकी शहराला तीच ध्वनिफीत.

“घे की मग, वहिनी,” तो म्हणाला. “माझी खुर्ची चालू राहील.”

“तुझी राहील.”

तो भात कालवत बसला. मग म्हणाला, “माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक शाळेची बस चालवणारी आहे. मेव्हिस. ती पूर्वेच्या केंद्रात जायची, तिथे दाब नसतो म्हणून इकडे येते. पूर्वेला अजून अठरा जण आहेत म्हणे.” आणि थोड्या वेळाने, “त्यांच्या गल्लीत तुझ्यासारखी खाष्ट बाई आहे का?”

नाही. आणि असली तरी तिच्याकडे चावी नाही.

एका चावीने एक गल्ली बंद होते, श्री. आर्सेनो. एका वाक्याने शहर रिकामं झालं, तर एका वाक्याने ते भरलेलंही राहील. मला आधी वाटत होतं की मला चावी हवी आहे. चूक होती. चावीच्या बदल्यात गप्प राहायचं असेल, तर ती तुमच्याकडेच राहू दे. तुमच्या खुंटीवर तिचं वजन होणार नाही, माझ्या टेबलावर होईल.

आमच्या गल्लीची काळजी नको. काल दुपारी रेइना आणि मी वीसही घरं फिरलो. प्रत्येक दार वाजवलं. वाजवण्याचं काम तिच्याकडे दिलं आहे, ती विसरत नाही. मंगळवारी चारला सगळे टब आणि पातेली भरतील, गॅसचे बंब विझवतील, पाचला ओनोरीनचा भाचा येऊन कॉक बंद करेल. त्याच्याकडे परवाना आहे. मी बघितला, मुदत संपलेली नाही. ओनोरीनने त्याला बजावलंय, “एक जरी घर सुटलं तर कार्निव्हलचा केक तुला मिळणार नाही.” बुधवारी सकाळी केंद्राची यंत्रं सुरू झाली की तो कॉक उघडेल. हे नक्की होणार आहे.

उरलेलं शहर तुमचं आहे. त्याच्यासाठी मजकूर तयार केला आहे. मोठ्याने वाचला, पंचवीस सेकंद लागतात. तुमच्या जुन्या ध्वनिफितीला, आगापिछा धरून, बावीस लागत होती, तेव्हा वेळेची सबब चालणार नाही:

“मी वेंडेल आर्सेनो, पाणीखाते. मागच्या वेळी आम्ही नळ चालू ठेवायला सांगितलं, ती चूक होती. मंगळवारी रात्री आठच्या आत पाणी भरून घ्या. मग घराचा कॉक बंद करा, पाइप रिकामे करा. ज्यांना कॉक बंद करता येत नाही त्यांनी खात्याला फोन करावा, माणूस येईल. ज्यांच्याकडे तेही शक्य नाही, त्यांनी एकच नळ, थेंब थेंब. दवाखान्यांना पाणी लागतं.”

तुमचं नाव मी मुद्दाम आधी घातलं आहे. साहेब म्हणतात, शब्द बदलले तर मागचे चुकीचे ठरतील. ते चुकीचे होतेच. ते सहा तारखेला नगरसभेत अठरा रिकाम्या खुर्च्यांसमोर कबूल करायचं, की परवा रेडिओवर, लोक अजून ऐकण्याच्या स्थितीत असताना? मी अडतीस वर्षं लोकांना कबूल करताना टिपलं आहे. लवकर कबूल करणारे बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांच्यापैकी एकाचाही आवाज शेवटच्या वाक्याला थरथरल्याचं माझ्या टिपणांत नाही.

तुम्हाला ते जमेल. ज्या माणसाने शनिवारचं पत्र लिहिलं त्याला पंचवीस सेकंद जड नाहीत.

हा मजकूर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी, जुन्याच्या जागी, वाजणार आहे की नाही, याचं उत्तर मला लेखी हवं. हो किंवा नाही. ‘खेद’ नको. उद्या, सोमवार, २९ जानेवारी, दुपारी चार वाजेपर्यंत. ‘नाही’ आलं, किंवा काहीच आलं नाही, तर साडेचारला मी रेडिओ केंद्रात असेन आणि हेच शब्द मी वाचेन; फक्त पहिल्या वाक्यात तुमच्या आणि खात्याच्या नावाच्या जागी माझं नाव असेल, दुसऱ्यात ‘आम्ही’च्या जागी ‘पाणीखात्याने’ असेल, आणि लोकांना फोन तुमच्याच खात्याला करायला सांगेन. तेव्हा माणसं तयार ठेवा.

सिदोनी देजुआ